तसबिरीमागचा फॉर्म

परवा माझी नात मोबाईल घेऊन माझ्या पुढ्यात बसली. त्यात सात-आठ कॉलेजांचे फोटो होते. सगळ्या इमारती चकचकीत, सगळी मुलं हसरी. म्हणाली, "आजी, तूच सांग, यातलं कुठलं घेऊ?"

घरात शिकलेले आईबाप असताना हा प्रश्न माझ्याकडे आला, म्हणजे तिच्या आईने तिला काही सांगितलेलं नाही. तिची आई म्हणजे माझी लेक. पोटात गोष्ट ठेवण्यात ती बापावर गेली आहे. नाहीतर नातीला ठाऊक असतं, की कॉलेज निवडण्याच्या कामात आमच्या घराण्यात माझ्याइतकी नालायक बाई झाली नाही.

मी आयुष्यात एकदाच कॉलेज निवडलं. माझ्यासाठी नव्हे, मी सातवी पास. लेकीसाठी निवडलं. निवडताना मी लेकीकडे पाहिलं नाही, तिच्या गुणपत्रिकेकडे पाहिलं नाही, घरापासून किती लांब तेही पाहिलं नाही. मी पाहिलं बावखलाच्या पलीकडे.

बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं लहानसं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि त्यावर वर्षभर केळी, भाजी, सोनचाफा जगायचा. आमच्या बावखलाच्या या काठाला माझं घर, त्या काठाला धाकट्या दिराचं. पाणी एक, त्यामुळे बोलणं लपायचं नाही. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली की मला इकडे मोजता यायची, आणि मी मोजायचे. माझ्याकडे तेव्हा कुकर नव्हता.

धाकटी जाऊ मॅट्रिक झालेली, कॉन्व्हेंटमधली. फादरांशी इंग्रजीत बोलायची. रविवारी देवळात मिस्सा संपली की सगळ्या बायका आवारात उभ्या, आणि ही फादरांशी हसून काहीतरी 'येस फादर, नो फादर' करतेय. मी मोठी सून. लग्न होऊन आधी आले, चूल आधी पेटवली, सासूची बोलणी आधी खाल्ली. आणि मान हिला! दीर मुंबईत बँकेत. माझा नवरा वाडीत, गुडघाभर चिखलात. दिराच्या पँटला इस्त्रीची घडी, माझ्या नवऱ्याच्या लेंग्याला केळीचे डाग. केळीचा डाग कशानेच जात नाही हे ज्या बाईने धुतलंय तिलाच ठाऊक.

आता या वयात मी हसते. तेव्हा मी हसत नव्हते. तेव्हा मी धोपटत होते, कपडे.

आम्हा दोघींना मुली, एकाच वर्षीच्या. दोघी एकत्र शाळेत, एकत्र येत-जात, एकमेकींच्या वेण्या घालत. त्यांच्यात हेवा कधी शिरला नाही. तो सगळा मीच वापरून टाकला असावा. सत्तर साल उलटून आठ-दहा वर्षं झाली असतील, दहावी-बारावीची पद्धत अजून नवीच होती. दोघी एकाच वेळी दहावीला बसल्या. निकाल लागला. माझ्या लेकीला पंचाहत्तर टक्के, जावेच्या लेकीला एकाहत्तर.

चार टक्के! त्या संध्याकाळी मी बावखलावर धुवायला काही नसताना दोन स्वच्छ चादरी नेल्या.

"किती पडले गो तिला?" मी विचारलं. मला माहीत होते.

"एकाहत्तर, वहिनी. तुमच्या मुलीने नाव काढलं हां. आम्हाला फार आनंद झाला."

बघा, म्हणजे तिथेही तीच वरचढ. मला तिच्या मुलीच्या चार टक्के कमीचा आनंद, आणि तिला माझ्या मुलीच्या चार टक्के जास्तीचा. मी चादर पिळली. मग ती सहज म्हणाली, "आम्ही हिला मुंबईच्या कॉलेजात घालायचं म्हणतोय. फादर लोकांचं आहे ते, मनोऱ्याचं, दगडी. वसईचाही फॉर्म भरून ठेवलाय, पण बघू."

मनोऱ्याचं! माझे चार टक्के तिथेच बावखलात बुडाले.

माझ्या लेकीचं म्हणणं साधं होतं. तिला वसईच्या कॉलेजात सायन्स घ्यायचं होतं आणि पुढे शेतकीच्या कॉलेजात जायचं होतं. लहानपणापासून ती बापाच्या मागे वाडीत. केळीच्या पानावर डाग दिसला की पान तोडून वहीत दाबून ठेवायची, खाली तारीख लिहायची. वसईचं कॉलेज सायकलच्या अंतरावर, म्हणजे सकाळी कॉलेज आणि दुपारी वाडी असं दोन्ही जमलं असतं. नवरा म्हणाला, "अगं, केळीच्या बुडाशी फुटलेला मुनवासुद्धा आपण जागा बघून लावतो. तिला तिथे जायचंय तर जाऊ दे."

मी म्हटलं, "शेतकी शिकायला कॉलेज कशाला हवं? बाप रोज फुकट शिकवतो."

"मग मुंबईला काय शिकेल?"

"ते मला काय ठाऊक? जाऊबाईंना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं."

यावर तो वाडीत गेला. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला वाडी होती.

लेकीने वसईच्या कॉलेजचा फॉर्म आणला, सुवाच्य अक्षरात भरला, बापाची सही घेतली आणि माझ्याकडे दिला. "आई, तू उद्या वसईच्या बाजारात भाजी घेऊन जाशील ना, तेव्हा कॉलेजात देशील? मला शाळेतून दाखला आणायचाय. पुढच्या सोमवारी शेवटची तारीख आहे."

"देते गो," मी म्हणाले.

आणि दिला नाही. बाजारात गेले, वांगी विकली, कॉलेजच्या फाटकासमोरून चालत आले. फॉर्म पिशवीत तसाच. घरी आल्यावर भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती, तिच्यामागे सारला. म्हटलं, मुंबईचं ठरेपर्यंत राहू दे. ठरलं नाही तर सोमवारच्या आत देऊन येऊ. रोज संध्याकाळी आम्ही सगळे त्या तसबिरीपुढे प्रार्थनेला बसायचो. येशूच्या पाठीला वसईचा फॉर्म, समोर मी डोळे मिटून, आणि माझ्या शेजारी लेक, "माझं ॲडमिशन होऊ दे" म्हणून हात जोडून बसलेली. जरा मोठी तसबीर असती तर मीही मागे लपले असते.

मुंबईच्या त्या कॉलेजात आपल्या लोकांसाठी थोड्या जागा असत. त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला आणि आपल्या गावच्या फादरांचं पत्र लागायचं. मी फादरांकडे गेले.

"फादर, जावेच्या मुलीला पत्र दिलंत ना?"

"दिलं."

"किती ओळींचं?"

फादरांनी चष्मा काढला. "का?"

"माझ्या मुलीला चार टक्के जास्त आहेत. तिच्या पत्रात चार ओळी तरी जास्त घाला."

"बाई, ते पत्र आहे, मिरवणूक नाही."

पण दिलं. मी उजेडात धरून ओळी मोजल्या. इंग्रजीत होत्या, त्यामुळे अर्थाची अडचण आली नाही. सहा होत्या. जावेच्या किती होत्या ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नुसत्या पत्राने माझं समाधान झालं नाही. मी मरियामातेची नोव्हेना धरली. नऊ दिवस रोज पहाटे मेणबत्ती, गुडघे टेकून प्रार्थना. लेकीला मनोऱ्याच्या कॉलेजात जागा मिळू दे, एवढंच मागितलं असतं तर ठीक होतं. मी पुढे हळूच जोडायचे, 'आणि पलीकडच्या काठावरच्या मुलीला मिळू नये.' नाव घ्यायचे नाही. म्हटलं, आईला कळेल.

शनिवारी संध्याकाळी देवळात कुमसार असायचं. जाळीच्या पलीकडे फादर, अलीकडे आपण आणि आपली पापं. मी बसले. दर महिन्याचं सांगितलं: नणंदेवर रागावले, रविवारी मिस्साला उशिरा गेले. मग जीभ अडखळली.

"आणि जावेचा हेवा केला, फादर."

"किती वेळा?"

"नऊ दिवस. नोव्हेनाच केली."

जाळीपलीकडे खोकल्यासारखा आवाज झाला. "नोव्हेनात काय मागितलं?"

"तिच्या मुलीला कॉलेजात घेऊ नये म्हणून."

जाळीपलीकडे खुर्ची करकरली. मला वाटलं, फादर उठून गेले. मग आवाज आला, "बरं. आता दुसरी नोव्हेना करायची. नऊ दिवस. तिच्या मुलीला प्रवेश मिळावा म्हणून."

"फादर, त्यापेक्षा पन्नास नमो मरिया सांगा ना."

"नऊ दिवस," फादर म्हणाले.

फॉर्मचं पाप मी सांगितलं नाही. म्हटलं, एका खेपेला एकच. बाहेर पडल्यावर जिवाला मोठा हलकेपणा वाटला, आणि त्याच हलकेपणात सोमवार कधी आला नि गेला ते माझ्या ध्यानातच राहिलं नाही. हे अगदी खरं नाही. ध्यानात होतं. पण मुंबईहून मंगळवारच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, आणि मला वाटलं, आता वसई कशाला?

मंगळवारी आम्ही चौघी निघालो, जाऊ, तिची मुलगी, मी आणि माझी मुलगी. मी रिकाम्या हाताने कशी जाणार? आमच्याकडे फादरांच्या घरी जाताना कुणी हात हलवत जात नाही. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी, केळीच्या सोपात, म्हणजे खोडाच्या सुक्या सालीत, बांधलेले दोन पुडे, आणि वर सोनचाफ्याची फुलं. जाऊ म्हणाली, "वहिनी, कॉलेज आहे ते." मी म्हटलं, "कॉलेजातल्या लोकांना तोंड नसतं का?"

आणि काय सांगू ती इमारत! दगडी कमान, लांबच लांब ओसऱ्या, वर मनोरा. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या. एका खोलीचं दार उघडं होतं, आत भिंतभर पुस्तकं आणि मुली खाली मान घालून वाचत बसलेल्या, कुणी त्यांना पाणी भरायला बोलावत नव्हतं. मी दारात उभी राहिले ती राहिलेच. लेकीने पदर ओढला तेव्हा हलले.

मुलाखतीला मुलीबरोबर पालकांनी आत जायचं होतं. मला इंग्रजी येत नाही, म्हणून जाऊ माझ्याबरोबर आत आली, सांगायला. टेबलामागे एक म्हातारे फादर आणि दोन शिक्षिका. मी आधी सुकेळीचे पुडे टेबलावर ठेवले. एका बाईंनी ते जरा सरकवले. मग फादरांनी लेकीला इंग्रजीत काहीतरी विचारलं. लेक नीट उभी राहून सावकाश बोलली, चार-पाच वाक्यं. माझी छाती फुगली. मी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. बोलणं संपलं तेव्हा दोन्ही शिक्षिका हसल्या. एकीने तोंडावर हात धरला. मला वाटलं, जिंकली!

फादर माझ्याकडे वळले आणि चक्क मराठीत म्हणाले, "बाई, मुलगी सांगते ते खरं आहे?"

"शंभर टक्के खरं, फादर!" मी म्हटलं. "ती लहानपणापासून खोटं बोलत नाही."

तेही हसले. मी जावेकडे पाहिलं. ती खाली फरशीकडे पाहत होती, कान लालबुंद.

मग जावेच्या मुलीचं झालं. बाहेर अंगणात आलो तेव्हा मी जावेला विचारलं, "काय म्हणाली गो माझी? सगळे खूश झाले."

जाऊ म्हणाली, "म्हणाली, तिला वसईच्या कॉलेजात सायन्स घ्यायचंय." एवढंच सांगून तिने विषय बदलला. "वहिनी, तो वसईचा फॉर्म तुम्ही दिलात ना? काल शेवटची तारीख होती."

"आईने कधीच दिला," लेक म्हणाली.

मी सोनचाफ्याचं उरलेलं एक फूल हातात घेऊन उभी. काही बोलायला हवं होतं. 'दिला' म्हणायला दोनच अक्षरं लागली असती. पण लेक माझ्याकडे पाहत होती, आणि तिला माझा चेहरा पाठ होता.

"आई?"

"घरी आहे," मी म्हटलं. "तसबिरीच्या मागे."

ती ओरडली नाही. तेच वाईट. म्हणाली, "तुला माहितेय मी आत काय सांगितलं? त्यांनी विचारलं, इथे का यायचंय. मी सांगितलं, मला यायचंच नाही. माझी आई काकीवर जळते म्हणून मी इथे उभी आहे. आणि तू म्हणालीस, शंभर टक्के खरं."

जावेच्या समोर. तिच्या मुलीच्या समोर. त्या दगडी कमानीखाली. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं एका वाक्यात अंगणात आलं, आणि त्यावर मी स्वतःच शिक्का मारून आले होते. जाऊ हळूच म्हणाली, "चला, गाडीची वेळ झाली," आणि माझी पिशवी तिने उचलली. सुकेळीचे पुडे टेबलावरच राहिले होते. मला त्या क्षणीही वाटून गेलं की निदान खाल्ले तरी असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वसईच्या कॉलेजात गेले. फॉर्मला तसबिरीमागची धूळ लागली होती, ती पदराने पुसली. खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई, सायन्सच्या जागा भरल्या. आर्टस्‌ला घाला."

"अहो, पंचाहत्तर टक्के आहेत."

"मग सोमवारी का नाही आलात?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते खिडकीत देण्यासारखं नव्हतं. मी प्राचार्यांच्या दारासमोर दुपारपर्यंत बसले. शेवटी त्यांनी फॉर्म घेतला, गुण पाहिले आणि प्रतीक्षायादीत सगळ्यात वर नाव लिहिलं. "आठ दिवसांत कुणी जागा सोडली तर तुमची. नाही सोडली तर माझा इलाज नाही."

घरी सांगितलं. नवऱ्याने ऐकलं, वाडीत गेला नाही. बसून राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. लेक माझ्याशी कामापुरतं बोलत होती. "मीठ दे." "पाणी तापलंय." केळीच्या पानांची वही तिने फळीवर ठेवून दिली होती. त्या आठवड्यात तिने ती काढली नाही.

सायन्सची जागा कोण सोडणार होतं? मी रात्रंदिवस हिशोब करत होते आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी येत होते. जावेने मुलीसाठी वसईलाही फॉर्म भरला होता. तिला वसईला सायन्सची जागा मिळाली होती. ती मुंबईला गेली तर ती जागा सुटणार. म्हणजे आता माझ्या लेकीचं भवितव्य कशावर, तर जावेच्या मुलीने मनोऱ्याच्या कॉलेजात जाण्यावर! फादरांनी दिलेली दुसरी नोव्हेना मी दात-ओठ खात चालवली होती. त्या दिवसापासून मी ती अशी केली की शेजारणी थांबून बघायच्या. इतक्या भक्तीने मी माझ्या आजारी सासूसाठीही गुडघे टेकले नव्हते.

मुंबईची यादी लागली. जावेच्या मुलीचं नाव होतं. माझ्या मुलीचं अर्थातच नव्हतं. दीर पेढे घेऊन आला. मी दोन खाल्ले.

आणि त्याच संध्याकाळी पलीकडच्या काठावरून रडण्याचा आवाज आला. जावेची मुलगी. "मला नाही जायचं. तिथे सगळ्या कशा बोलतात! मी एकटी काय करू? मी मोठ्या आईच्या हिच्याबरोबर वसईलाच जाईन."

मग जावेचा आवाज. "बरं बाय, रडू नको. नको तर नको. वसईची जागा आहेच आपली."

माझ्या हातातलं भांडं पाण्यात पडलं. ते काढायचं सोडून मी बावखलाला वळसा घालून पलीकडे गेले. लग्नानंतर इतक्या घाईने मी त्या काठाला कधी गेले नसेन. मुलगी मागच्या पायरीवर बसली होती, डोळे सुजलेले. मी तिच्याजवळ बसले.

"का गो रडतेस?"

"मोठी आई, मला भीती वाटते."

काय सांगावं ते ठरवून आले होते: आईबापाची इच्छा, घराण्याचं नाव वगैरे. तोंडातून वेगळंच निघालं. मी तिला त्या झिजलेल्या पायऱ्या सांगितल्या. म्हटलं, किती मुली चढल्या असतील तेव्हा दगड झिजला असेल. त्या पहिल्या दिवशी काय हसत चढल्या असतील? ती पुस्तकांची खोली सांगितली, भिंतभर, वर चढायला शिडी होती ती. खिडकीतून कसा उजेड येत होता. आणि तिथे बसलेल्या मुलीला कुणी हाक मारत नव्हतं, की ये, भात चढव, की ये, कोंबड्या कोंड. मी बोलतच गेले. सातवीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा घरात कुणी रडलं नव्हतं, मीसुद्धा नाही. तेव्हा ती रीतच होती. पण त्या पायरीवर माझा आवाज बदलला, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

मुलगी रडायची थांबली होती. "मोठी आई, तुम्हाला एवढं आवडलं?"

"मला तर तिथेच राहावंसं वाटलं," मी म्हटलं. ते खरं होतं. मी तिला जे पटवत होते ते सगळं खरं होतं, आणि मी ते माझ्या मतलबासाठी सांगत होते, हेही खरं होतं. दोन्ही एकाच तोंडातून निघालं.

दारात जाऊ उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. वसईच्या प्रतीक्षायादीचं तिलाही ठाऊक होतं. वसई लहान आहे. मला वाटलं, आता ही बोलणार, 'वहिनी, कळलं हां कशासाठी आलात.' पण तिने आत जाऊन चहा टाकला. कुकरच्या शेजारी गॅसवर.

मुलगी रोज गाडीने मुंबईला जाऊ लागली. पहिले सहा महिने रोज संध्याकाळी रडत यायची आणि मी इकडून ऐकायचे, आणि प्रत्येक हुंदक्याला मला टोचायचं. पुढे ती रमली, खूप शिकली. पण मी तिला तिथे का ढकललं ते मी तिला कधी सांगितलेलं नाही. हे वाचलं की कळेल. आली भांडायला तर चहा मीच करीन.

तर पालकांनो, तुम्ही मला कॉलेज कसं निवडावं विचारत असाल तर माझ्याकडे एवढंच आहे. मुलाला काय आवडतं ते त्याच्या वहीत बघा, शेजारच्या घरात नको. एकाच जागेवर विसंबून राहू नका, दोन फॉर्म भरा. जाऊ शहाणी, तिने भरले होते. इमारत बघून भुललात तर स्वतःला विचारा, ही मुलाला हवी आहे की मला. आणि विद्यार्थ्यांनो, तुमचा फॉर्म तुम्ही स्वतः खिडकीत द्या. आईच्या पिशवीत वांग्यांखाली देऊ नका.

जावेने वसईची जागा सोडल्याचा अर्ज दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी लेकीला बोलावणं आलं. पैसे आणि दाखले घेऊन पालकांसह हजर राहावं. नवरा वाडीतल्या कामात अडकला होता. मी इस्त्रीची साडी काढली, केस विंचरले, छत्री घेतली आणि दारात उभी राहिले.

लेक आतून आली. "तू कुठे चाललीस?"

"कॉलेजात. तुझ्याबरोबर."

"मी काकीला सांगितलंय. काकी येतेय."

"का? तिला इंग्रजी येतं म्हणून? वसईला सगळे मराठीच बोलतात."

"नाही," ती म्हणाली. "काकी फॉर्म देऊन येते म्हणून."

बावखलाच्या वळणावर जाऊ उभी होती. दोघी एका छत्रीखाली निघाल्या. जाऊ चिखल चुकवायला लेकीचा हात धरत होती आणि लेक तो धरू देत होती. इतकी वर्षं मी त्या बाईचा कुकरसाठी हेवा केला, इंग्रजीसाठी केला, इस्त्रीच्या पँटसाठी, मनोऱ्यासाठी केला. ते सगळे हेवे त्या दिवशीच्या मानाने नोव्हेनासारखे पवित्र होते.

मी घरात बसेन असं वाटलं तुम्हाला? मी शंभर पावलं मागून गेले. कॉलेजच्या फाटकाबाहेर एका दगडावर बसले, साडीची इस्त्री मोडेपर्यंत. तासाभराने दोघी बाहेर आल्या. लेकीने मला पाहिलं. थांबली. जाऊ पुढे गेली आणि उगाच एका भाजीवालीशी भाव करू लागली, घरी वाडीभर भाजी असताना.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. सायन्स."

तिने हातातली दाखल्यांची फाईल माझ्याकडे दिली, धरायला. मी ती दोन्ही हातांनी धरली. पण फी भरल्याची पावती त्यात नव्हती. ती तिने काकीच्या पर्समध्ये ठेवायला दिली होती, आणि पुढचे कितीतरी दिवस ती तिथेच राहिली. मागायची मला हिंमत झाली नाही.